कुलपातली प्रयोगशाळा

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पण मित्रांनो, मला तुमची कणव नको. मी संतापलो आहे आणि त्याला कारण आहे.

अंबाल्याच्या कारखान्यात माझी भिंगे घासली गेली. नागपूरच्या एका महाविद्यालयात, वनस्पतिशास्त्र विभागात, मी उभा राहिलो. माझ्याखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला की पोरांची झुंबड उडे. “अबे, सरक ना! मले पाहू दे!”

पुढे साथ आली आणि प्रात्यक्षिके पडद्यावर गेली. तेव्हा ते अपरिहार्य होते, हे मला मान्य आहे. व्याख्याने आजही खुशाल पडद्यावर असोत. दूरच्या मुलांची त्याने सोय होते. परंतु साथ सरली तरी माझ्या कपाटाचे कुलूप तसेच राहिले. चित्रफितीतली काच फुटत नाही ना!

आज रीना आली. जवळच्या खापा गावची मुलगी, पदवीच्या प्रात्यक्षिकांत अव्वल.

“काहून आली वं? पास झाली ना तू?” परिचर शोभाताईंनी विचारले.

“पास झाली ताई, शिकलीच नाही!”

शहराबाहेरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या एका औषध कंपनीत नोकरीसाठी तिची चाचणी झाली होती. तिने डोळा लावूनच चाक फिरवले, भिंग काचपट्टीवर टेकले आणि काच तडकली. भिंग खाली आणताना बाजूने पाहावे, हा पहिल्या दिवसाचा धडा. चित्रफितीत पेशी दिसत होती, शिकवणाऱ्याचा हात दिसत नव्हता. कंपनीने उद्या तिला शेवटची संधी दिली आहे.

विभागप्रमुख शरच्चंद्र सर म्हणाले, “सगळं व्हिडिओत आहे. पुन्हा बघ.”

“व्हिडिओ पाठ आहे सर, तुमच्या खोकल्यासकट! मले हात लावू द्या.”

शोभाताई तोंडाला पदर लावून हसल्या. सरांनी नाइलाजाने किल्ली दिली.

रीनाने मला खिडकीशी ठेवले. बाजूने पाहत भिंग खाली आणले, मग डोळा लावून हळूहळू वर घेतले. बोटे शिकत होती. लहान भिंगातून पेशींच्या भिंती उमटल्या.

“दिसलं वं ताई!”

मग तिने मोठे भिंग फिरवले. उद्या तेच लागणार होते. समोर नुसते धुके! बंद कपाटातल्या ओलीने माझ्या भिंगावर बुरशीचे जाळे विणले होते. जो विभाग बुरशी शिकवतो, त्याला ती स्वतःच्या कपाटात दिसली नाही.

“सर, याचा तर डोळाच गेला.”

“म्हणून तर म्हटलं, व्हिडिओ बघ!”

मित्रांनो, ऐकलेत? पडदा खुशाल ठेवा. पण आमची कपाटे उघडा, भिंगे पुसा, मुलांचे हात आमच्यावर पडू द्या. आणि उद्या रीना नापास झाली, तर निकालावर तिचे नाव लिहू नका. या महाविद्यालयाचे लिहा.