लोह्याच्या किरणशेकाचा जबाब

मित्रांनो, वाचता वाचता जरा थांबा. सकाळच्या कोवळ्या उन्हाकडे तोंड करा आणि डोळे मिटा. पापण्यांच्या आत लाल लाल दिसते ना? गालांना ऊब लागते, अंग सैल होते, बरे वाटते. आता असे समजा, की हे बरे वाटणे कुणीतरी तेलाच्या रिकाम्या डब्यात भरले, त्याला वायर जोडली आणि वर रंगाने नाव लिहिले, ‘किरणशेक’. तो डबा म्हणजे मी.

मी एक जुना दिवा आहे. माझ्याविषयी आजवर सगळे बोलले, मला मात्र कुणी काही विचारले नाही. म्हणून आज मी बोलणार आहे.

नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याला दयानंदकाकांचे मंडप-डेकोरेशनचे दुकान आहे. तिथे मी लग्नातला साधा फोकस होतो. स्टेजवर झोत टाकायचा, कधी लाल, कधी हिरवा. रंग बदलायचा म्हणजे काचेपुढचा जिलेटीन कागद बदलायचा, एवढेच माझे कसब.

मग काकांची बहीण सिंधु हिला बाळ झाले. बाळ हळदीसारखे पिवळे. नांदेडच्या दवाखान्यात त्याला निळ्या दिव्याखाली ठेवले आणि ते बरे होऊन घरी आले. काका काचेबाहेर उभे राहून बघत होते. नर्सबाईंनी त्यांना सांगितले, “हा ठरावीक उजेड असतो, मोजून देतात, आणि तान्ह्या बाळाच्या काविळीलाच चालतो.” काकांनी ‘उजेड’ आणि ‘कावीळ’ एवढेच ऐकले. बाकीचे वाक्य तिथेच राहिले.

“निस्ता उजेड, सिंधे! गोळी न्हाई, सुई न्हाई,” ते बहिणीला म्हणाले. “आपल्याकडं तर उजेडाचं गोदाम हाय.”

घरी येताच त्यांनी मला डब्यात बसवले. काविळीला निळा, रक्ताला लाल, पोटाला हिरवा, डोक्याला पिवळा. हे त्यांना कुणी शिकवले? कुणीच नाही. लग्नसराईतून उरलेले जे कागद होते, त्यांना त्यांनी आजार वाटून दिले. मित्रांनो, मी खोटा जन्मलो नाही. अर्ध्या ऐकलेल्या वाक्यातून जन्मलो.

लोक येऊ लागले. गुडघे धरून यायचे, शेक घ्यायचे, हसत जायचे. ऊब कुणाला आवडत नाही? काका मनापासून सेवा करीत, कुणाला चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. माझे नाव मुदखेडपर्यंत गेले. मी मात्र आतून धुमसत होतो. मला दिवा म्हणा, शेगडी म्हणा. औषध का म्हणता?

शेजारच्या सरजाबाईंच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती. ती भरेना. नात धम्मप्रिया त्यांना हाताला धरून माझ्यापुढे आणायची. काका लाल कागद लावायचे.

“मावशी, चटका बसून राहिला का?”

“न्हाई रे दयानंदा. अगदी फुलावानी वाटून राहिलंय.”

“गुण हाय ह्यो! आधी पाय दुखत व्हता, आता चटकाबी लागंना.”

बसलेले सगळे माना डोलावत. कुणी कुणी मला हात जोडत. आणि मला तर माहीत होते, माझी काच किती तापली आहे ते. मला तोंड असते तर ओरडलो असतो.

एके दिवशी धम्मप्रियाने गंमत म्हणून आजीच्या पायाशेजारी आपला तळहात धरला आणि चटकन मागे घेतला.

“आज्जी, लई भाजतंय की.”

“तुझा हात कवळा हाय माय.”

“काका, तुमचा हात तर कवळा न्हाई. तुम्ही धरा.”

काकांनी धरला. त्यांनाही काढून घ्यावा लागला. पण इतक्या माणसांपुढे ते मान्य कसे करणार? म्हणाले, “शाळंत लई शिकून राहिलीस जनू. सरक बाजूला.”

ती बाजूला सरकली नाही. माझ्या आणि पायाच्या मधे, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. आजीच्या पायावर सावली पडली.

“मी आड उभी राहते,” ती म्हणाली. “माझी पाठ भाजली तर मला कळंल तरी. आज्जीला कळून नाही राहिलं.”

काकांनी वाकून मावशींचा पाय हातात घेतला. तळव्यावर फोड उठला होता, आणि मावशींना त्याचा पत्ता नव्हता. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी मंडपाचा टेम्पो काढला आणि दोघींना दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी मावशींना डोळे मिटायला लावले आणि तळव्याला बारीक, ताठ दोरा टेकवत विचारले, “आता लागतंय का? आता?” मावशींना साखरेचा आजार होता. पाय बरा झालेला नव्हता. त्याची जाणीवच गेली होती. जखम भरायला पुढे फार वेळ लागला, पण पाय वाचला.

सिंधु भावाला म्हणाली, “लई उजेड पाडलास, दादा.” लोकांनी तर मलाच शिव्या घातल्या. फसव्या म्हणाले, भंगारात घाला म्हणाले. मी आजही ताठ मानेने सांगतो, फसवणारा मी नव्हे. मी कधी कुणाला बरे करतो म्हटले नव्हते. दवाखान्यातला तो निळा दिवाही खरा आहे, कारण तो काय करतो आणि काय करत नाही, हे कुणीतरी धीराने तपासले आहे. मित्रांनो, बरे वाटणे आणि बरे होणे या दोन गोष्टींची गल्लत करू नका. आणि आपली माणसे ‘काही होत नाही’ म्हणाली, तरी त्यांचे पाय बघत जा.

काकांनी मला माळ्यावर ठेवले. पण नाव माळ्यावर ठेवता येत नाही. परवा हिमायतनगरहून साहेबराव नावाचे आजोबा लंगडत आले. टाचेला चिंधी बांधलेली. काकांनी नाही म्हटले, पुन्हा नाही म्हटले. म्हातारा हात जोडून बसला तेव्हा ते विरघळले. “लांबून आलाय बिचारा. घटकाभर लावतो.” मी खाली उतरलो. पिन भिंतीत गेली. बटणावर बोट गेले.

तेवढ्यात धम्मप्रिया आली. तिच्या हातात खराट्याची काडी होती.

“थांबा काका. आजोबा, डोळे मिटा. ही काडी पायाला टेकवते. टेकवली की सांगा.”

“हाव, सांगतो.”

ती खाली बसली. काडी अंगठ्यावर टेकवली. मग बोटांवर. मग तळव्याच्या मधोमध, जराशी दाबून. काका वाकून बघत होते.

डोळे मिटलेले साहेबराव म्हणाले, “टेकव की पोरी. कधी टेकवणार? मला परत जायाचंय.”

काकांचे बोट बटणावरून खाली आले.

धम्मप्रियाने काडी बाजूला ठेवली. भिंतीतून माझी पिन उपटली, वायर नीट गुंडाळून डब्यावर ठेवली आणि साहेबरावांच्या चपला त्यांच्या पायांपुढे सरळ लावल्या.

“काका,” ती म्हणाली, “टेम्पो काढा.”