हलका हात नको

सात.

डॉक्टरीणबाईंनी वही दिली होती. रोज संध्याकाळी एकच आकडा लिहायचा. दहापैकी खाज किती. तुळसाने सात लिहिलं, खोडलं, पुन्हा सातच लिहिलं. कोपरांच्या आतल्या बाजूला, मनगटांवर, मानेवर कातडी जाड नि काळपट झाली होती. सासूने, सखूबाईने, दोन वर्षांपासून तिची मासळी तोडली होती. खाडीकाठच्या पूर्णगडात राहून डाळभात. वर करंजाचं तेल. खाज होती तिथंच.

पाच.

(तेव्हा वही नव्हती. असती तर पाच लिहिलं असतं.)

गेल्या शिमग्याला तिचा नवरा, विनीत, मुंबईहून आला. देवीची पालखी घरी येऊन गेली, ओटी भरून झाली. मागीलदारी तुळसा भांडी विसळत होती, तिथं तो आला आणि तिच्या हातावरून बोटं फिरवत म्हणाला, "काय गो, रोडावलीस."

बोटं हलकी. अगदी हलकी.

अंगावर पाल पडावी तसा तिने हात झटकला. त्याचा हात थोडा वेळ हवेतच राहिला. मग खिशात गेला.

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं तिने. पण सांगणार काय? तुमचा हात हवाय, पण लागला की सोसत नाही? असं कुणी नवऱ्याला सांगतं का.

गणपतीत त्याला सुट्टी मिळाली नाही. म्हणजे तसं तो म्हणाला. दर रविवारी त्याचा फोन येतो. आईला.

सहा. सहा. आठ. रविवार, नऊ.

रत्नागिरीच्या दवाखान्यात तिच्या कातडीचा तांदळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. आज डॉक्टरीणबाईंनी त्याचं चित्र दाखवलं. काळ्या पडद्यावर हिरवे, बारीक धागे.

"हे नसांचे तंतू. एवढे वर नसतात. तुमचे पार वरपर्यंत चढलेत, फांद्या फुटल्यात त्यांना. म्हणून पदर लागला तरी खाज सुटते."

"आणि कुणाचा हात?"

"हलका हात तर सगळ्यात वाईट."

तुळसा चित्राकडे बघत राहिली. वर येऊन काय शोधत होते हे धागे?

"आणि घट्ट धरला तर?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "दाबून, न हलवता ठेवला तर पुष्कळांना चालतं. का हो?"

"काय नाय."

"बरं, आणि दर रविवारी नऊ कसे?"

"रविवारी फोन असतो," तुळसा म्हणाली, आणि चित्राचा फोटो काढू का म्हणून विचारलं.

रविवार.

सखूबाईचं बोलून झालं. ती फोन ठेवणार, तोच तुळसाने हात पुढे केला. "आई, द्या जरा."

सखूबाईने तिच्याकडे पाहिलं. फोन दिला आणि काही काम नसताना परसात गेली.

"फोटो पाठवलाय. बघा."

"काय हाय हे? जाळं? फाटलेलं दिसतंय."

"माझं कातडं हाय ते."

मग तिने सांगितलं. वहीतले आकडे, धागे, फांद्या, पदर.

"म्हणजे शिमग्याला तू…"

"तुमचा हात हलका होता."

"मला वाटलं, तुला मीच नको."

ती म्हणाली, "पहिल्या वर्षी खाडीवर कुर्ली धरायला शिकवलंत, आठवतं?"

"न आठवायला काय! सावर्ड्याची तू, कुर्ली फक्त कालवणात बघितलेली. एक बोट पुढे केलंस नि ती नांगीने डसली. मी हसून हसून चिखलात बसलो."

"तेव्हा काय म्हणालात?"

"भीत भीत बोट लावू नको. पाठीवरून घट्ट धर नि हलू नको."

"तसं."

पलीकडे कुठलंसं यंत्र चालू होतं. ते बंद झालं.

"तसं धरायचं?"

"तसंच."

"शिमग्याला दीड महिना हाय अजून," तो म्हणाला. "उद्याच रजेचा अर्ज टाकतो." आणि मग, "आज किती गो? दहापैकी?"

तुळसाने खाली पाहिलं. फोन उजव्या हातात होता, आणि त्या हाताच्या कोपराला तिचा डावा तळवा केव्हापासून घट्ट धरून बसला होता. हलला नव्हता. तरी तो तिचाच होता, त्याचा नव्हता.

"नऊच," ती म्हणाली. "पण ठेवू नका इतक्यात."