उघडा खांब

धाकटीने दुर्बिणीतून धक्क्यावरचा खांब वरपासून खालपर्यंत पाहिला आणि दुर्बीण कप्तानकाकांच्या हातात दिली.

"कापड नाही, काका."

काकांनीही पाहिलं. खांब उघडाच होता.

पर्यटकांना गावोगाव फिरवणाऱ्या या छोट्या जहाजावर एक नियम असा होता, की तो मोडला तर काकांनी सख्ख्या भावालाही पुढच्या बंदरात उतरवलं असतं. गावाच्या खांबावर हिरवं कापड दिसलं तरच नांगर टाकायचा. कापड लावायचं की नाही, ते गाव ठरवणार. अठरा पाहुणे उतरले की जेवणाचे, वाटाड्यांचे, होड्यांचे पैसे गावातच राहत, म्हणून बहुतेक वेळा कापड असेच. पण विहिरीला पाणी नसलं किंवा गावाचं मन नसलं, तर मुकाट्याने पुढे जायचं.

पंचाईत एवढीच होती, की हे गाव धाकटीचं होतं. नऊ खलाशांत वयाने लहान, म्हणून ती धाकटी. चार वर्षांपूर्वी ती या जहाजावर भांडी घासायला आली होती. पुढे काकांनीच तिला सुकाणू शिकवलं आणि गेल्या महिन्यात परवाना मिळाला. आज ती जहाज स्वतः चालवत घरी आली होती, ती बाबांनी पाहावं म्हणून. "पाण्याचा पेला नेऊन द्यायला ठेवतील तुला, जहाज कोण देतंय हातात?" हे बाबांचेच शब्द.

धक्क्यावर एक माणूस कमरेवर हात ठेवून उभा होता. जगाशी भांडण असल्यासारखा असा उभा राहणारा गावात एकच. तिला दुर्बीण लागली नाही.

पाहुण्यांपैकी एक आजोबा शिडी चढून वर आले. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर नवी टोपी.

"तुझंच गाव ना गं हे? मग स्वतःच्या घरी जायला परवानगी कसली?"

"माझं आहे म्हणूनच, आजोबा."

आधीच लखलखीत असलेली काच काका फडक्याने पुसत राहिले. आई आज पाच महिन्यांनी भेटणार होती. धाकटीला रडू येत होतं आणि रडायला आत्ता वेळ नव्हता, कारण ओहोटी लागली होती आणि दोन्ही बाजूंना खडक वर येत होते. तिने वेग कमी केला, सुकाणू फिरवलं आणि खडकाला वळसा न घालता, आतल्या अरुंद पट्ट्यातून जहाज अलगद समुद्राकडे वळवलं. खालच्या टेबलावरचा चहासुद्धा हिंदकळला नाही.

जहाज बाहेर पडलं तेवढ्यात मागून हाक आली. एक होडी जिवाच्या आकांताने वल्हवली जात होती. धाकटीने इंजिन थांबवलं आणि ती कठड्याशी धावली. होडीत बाबा होते.

"विहीर तळाला गेलीय," बाबा धापा टाकत म्हणाले. "कापड मीच उतरवलं."

"कळलं, बाबा."

"सगळे म्हणत होते, पोरगी आपलीच आहे, कापड नसलं तरी येणारच. मी म्हटलं, बघू या."

बाबांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"आतल्या बाजूने वळवलंस."

"हो."

"ओहोटीत."

"हो, बाबा."

"तिथून मी रिकामी होडी काढायला घाबरतो." मग त्यांनी काकांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "कप्तान, एक विचारू? ही... परत एकदा वळवेल का? हिची आई घरात होती. तिने पाहिलंच नाही."

"डिझेल काय फुकट येतं?" काका गुरगुरले. मग धाकटीकडे वळून म्हणाले, "उभी काय राहिलीस? घे आत."

बाबा तेवढंही ऐकायला थांबले नव्हते. होडी केव्हाच फिरली होती, आणि अर्ध्या वाटेवरूनच ते घराच्या दिशेने ओरडत होते,

"अगं ए, बाहेर ये आधी! आपली पोरगी जहाज वळवतेय!"