अळणी सासुरवाडी

छापखान्यातल्या फोरमनने सासूबाईंच्या अळणी स्वयंपाकाची वर्षानुवर्षं टर उडवली होती. सासूबाईंना रक्तदाब, म्हणून त्यांच्या घरी मीठ नावापुरतंच. जावई मात्र खिशातून मिठाची पुडी न्यायचा आणि सगळ्यांदेखत ताटात रिकामी करायचा.

मग त्याच्या पोटात पाणी झालं, पाय सुजले. डॉक्टरांनी लिव्हर सिरॉसिस सांगितला. दारू कायमची बंद आणि मीठ जवळजवळ बंद. दारू त्याने दातओठ खाऊन सोडली, पण बिनमिठाच्या जेवणापुढे हात टेकले. दोन घास चिवडून उठायचा. दंडांच्या काड्या झाल्या, तेव्हा बायकोने त्याला सरळ माहेरी नेलं.

सासूबाईंनी ताट वाढलं. "बसा जावईबापू. आज पुडी आणलीत की विसरलात?"

फोरमनची मान खाली गेली. "आई, किती लाजवाल?"

"इतकी वर्षं मी ऐकलं, आता जेवण होईस्तोवर तुम्ही ऐका."

बोलता बोलता त्यांनी भाजीवर लिंबू पिळलं, डाळीवर लसणाची फोडणी ओतली. फोरमनने भीतभीत घास घेतला, मग दुसरा घेतला आणि थोड्या वेळाने मान वर न करता वाटी पुढे केली. सासूबाई गालातल्या गालात हसत वाढत राहिल्या.

आता पायांची सूज बरीच उतरलीय. छापखाना सुटला की फोरमन परस्पर सासूबाईंकडे जेवायला जातो. बायको कुरकुरते, "माहेर माझं आणि लाड मात्र तुमचे!"