गाणारीला पुढे आणा

दुकानात तिला सगळे वहिनी म्हणत. मालक तिचा सख्खा धाकटा दीर, त्याने म्हणणं रास्तच होतं. पण रंगारी, टायरवाला आणि तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठी गिऱ्हाइकंसुद्धा वहिनीच म्हणत. या आदराचा एक फायदा असतो. ज्या बाईला सगळे मान देतात, तिचं कोणालाच ऐकावं लागत नाही.

गाड्यांना सीट कव्हर, सुगंधी डब्या आणि गाणी बसवून देण्याचं ते दुकान. 'गाणी बसवणं' हा भाऊजींचा शब्द आणि त्यामागे त्यांचं शास्त्रही होतं. मागच्या काचेखालच्या फळीला चार भोकं पाडायची, चार लंबगोल स्पीकर ठोकायचे, डिकीत एक मोठा खोका ठेवायचा आणि गिऱ्हाइकाच्या छातीत धडधड होईपर्यंत आवाज वाढवायचा. धडधड झाली की फिटिंग पास. या परीक्षेत आजवर कोणी नापास झालं नव्हतं, कारण गिऱ्हाइकाचा नकार त्या आवाजात ऐकूच येत नसे.

वहिनीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि बारा वर्षं रेडिओच्या कारखान्यात तारांना सोल्डरिंगचे डाग दिले होते. कारखाना बंद पडल्यावर ती दुकानात आली. भाऊजींनी तिच्या शिक्षणाचा विचार करून तिला सुगंधी डब्यांच्या काउंटरवर बसवलं.

"गाण्याच्या कार्यक्रमाला जाता तेव्हा गायकाकडे पाठ करून बसता का हो?" तिने एकदा विचारलं होतं.

"मी जातच नाही कार्यक्रमाला," भाऊजी म्हणाले, आणि वाद जिंकला.

घरी नवऱ्याचं मत विचारावं, तर तो सरकारी नोकरीत. त्याचं मत कायम विचाराधीन असे.

मग एके दिवशी निवृत्त मुख्याध्यापिका बाई आल्या. ठेंगण्या, ताठ, आणि बासष्टाव्या वर्षी गाडी शिकलेल्या. आठवड्यापूर्वीच भाऊजींनी त्यांच्या छोट्या गाडीत गाणी बसवून दिली होती.

"गाणारी डिकीत बसलीय," बाई म्हणाल्या. "तिला पुढे आणा."

"आवाज कमी पडतोय का बाई? अजून दोन टाकू."

"आवाज भरपूर आहे. दिशा चुकलीय. अडतीस वर्षं मुलं माझ्या पाठीमागे बोलली. आता जिला जे गायचंय ते तिने माझ्या तोंडावर गावं."

वहिनीच्या हातातली सुगंधी डबी खाली पडली. लिंबाचा वास सगळीकडे पसरला, आणि त्या वासातच ती म्हणाली, "मी आणते पुढे."

भाऊजी हसले. घरातल्या माणसाचा चारचौघांत पाणउतारा करताना हसावं लागतं. "आणा की वहिनी! बाईंना पटलं तर फिटिंगची जागा तुमची, आजपासून. मी काउंटरवर बसतो. नाही पटलं, तर स्पीकर हा शब्द पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," वहिनी म्हणाली, आणि काउंटरमागून बाहेर आली.

बाईंना दोन तासांनी यायला सांगितलं. वहिनीने आधी मागच्या फळीवरच्या चारही स्पीकरांची तोंडं बंद केली. पुढच्या दोन दारांतले कारखान्याचे कागदी स्पीकर काढून तिथे चांगले बसवले, मागे पत्र्याला जाड पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे दार स्वतःच गायला नको. राहिले बारीक आवाजाचे दोन छोटे ट्विटर. गाणारी कुठे बसणार हे त्यांच्यावर ठरतं. भाऊजींची पद्धत आधी भोक, मग विचार. वहिनीने ड्रिलला हात लावला नाही. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर तिने ते लहान मुलांच्या खेळातल्या चिकणमातीने नुसते चिकटवले आणि पर्समधून शिवणकामाचा टेप काढला.

"ब्लाउज शिवताय का?" टायरवाला ओरडला.

"गळा मोठा वाटतोय तुमचा. या, माप घेते."

हिशेब साधा होता. ऐकणाऱ्याच्या नाकापासून दोन्हीकडचे ट्विटर जितके सारख्या अंतरावर, तितका आवाज मधोमध. पण नाकाला धरायला माणूस हवा. भाऊजी तत्परतेने गाडीत बसले, सीट सवयीप्रमाणे पार मागे सरकवून रेलले, आणि तिने त्यांच्या नाकापासून मापं घेतली. अलीकडचा ट्विटर थोडा पलीकडे वळवला, पुन्हा मोजलं, पुन्हा ऐकलं. भाऊजी काही बोलले नाहीत. म्हणजे चांगलंच लागलं असणार.

बाई आल्या. बसल्या. गाणं लावलं. दुकान थांबून बघत होतं.

"डिकीतून आली," बाई म्हणाल्या.

वहिनीने श्वास सोडला.

"पण आता माझ्या खांद्यावर बसलीय. अगदी कानाला लागून. गातेय की चहाडी करतेय कळत नाही."

"झालं तर!" भाऊजींनी टाळी वाजवली. "वहिनी, लिंबाच्या डब्या संपत आल्यात. जरा बघा."

वहिनी जागची हलली नाही. तिने मापं मनात पुन्हा लावली. टेप बरोबर, बेरीज बरोबर. मग गाडीत डोकावली. बाई स्टिअरिंगला जवळजवळ चिकटून बसल्या होत्या. खाली उशी, पाठ ताठ, सीट शेवटच्या खाचेपर्यंत पुढे. खांबावरचा ट्विटर त्यांच्या गालापासून वीतभर.

"बाई, तुम्ही नेहमी अशाच बसता?"

"मग काय झोपून चालवू?"

वहिनी वळली. "भाऊजी, माझ्या कामात तुम्ही नाक खुपसलंत."

"मी? मी एक शब्द बोललो नाही!"

"बोलला नाहीत. नाकच खुपसलंत. मी सगळी मापं तुमच्या नाकाची घेतली. गाडी बाईंची आहे."

टायरवाला इतका हसला की त्याला टायरवर बसावं लागलं. भाऊजींनी नकळत नाकाला हात लावला.

"जवळच्या स्पीकरचा आवाज जरा उशिरा पाठवायचं बटण असतं ना नव्या डेकला?" ते म्हणाले. स्वतःच्या नाकाचा दोष बटणावर जात असेल तर त्यांना हवाच होता.

"यांच्या साध्या डेकला नाही. आणि गरजही नाही. बाई, अश्शाच बसून राहा. वर्गात मुलं चाळवली की बघायचात तसं समोर बघा."

बाईंनी समोर बघितलं. दुकानातले दोन कामगार उगीचच सरळ उभे राहिले.

वहिनीने खांबांवरची माती सोडवली. दोन्ही ट्विटर डॅशबोर्डच्या कोपऱ्यांत, काच जिथे खाली उतरते तिथे, हात जाईल तितके आत सरकवून पुन्हा मातीने टेकवले. बाईंच्या नाकापासून टेप लावला. अलीकडचं अंतर वाढलं होतं, पलीकडच्याशी फरक बराच कमी झाला होता. जो फरक उरला, त्यासाठी अलीकडच्याचं तोंड बाईंकडून काढून शेजारच्या रिकाम्या सीटकडे केलं आणि पलीकडच्याचं थेट बाईंकडे. जवळच्याने थोडं दुसरीकडे बघावं, लांबच्याने सरळ बोलावं. बाईंनी डोळे मिटले. एक बोट वर करून त्या गाणारीला शोधू लागल्या. बोट आधी खांबाकडे गेलं, मग सरकत सरकत समोर आलं आणि डॅशबोर्डच्या मधोमध थांबलं.

बाईंनी बोट खाली घेतलं. डोळे उघडले, दार लावून घेतलं, आणि गाडी सुरू करून निघून गेल्या.

"गेल्या," भाऊजी म्हणाले. "न सांगता. याला नापसंती म्हणतात, वहिनी."

पाच मिनिटांनी गाडी दुकानासमोरून गेली. थांबली नाही. परत पाच मिनिटांनी गेली. तिसऱ्या फेरीला बाईंचा एक हात स्टिअरिंगवर होता आणि दुसरा हवेत ताल धरत होता. ज्या बाई सरळ रस्त्यावरही दोन्ही हातांनी चाक आवळून धरत, त्यांचा हा हात बघून टायरवाल्याने टोपी काढली.

चौथ्या फेरीला गाडी थांबली. बाईंनी काच खाली केली.

"गाणं मोठं होतं," त्या म्हणाल्या. "मध्ये थांबणं बरं दिसलं नसतं. ती समोर बसून गात होती ना!" मग भाऊजींकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही. डिकीतला खोका काढून ठेवा. मला भाजी ठेवायला जागा लागते."

"काढतो बाई," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज कुठून आला ते कोणालाच कळलं नाही.

वहिनीने चिकणमाती काढून ट्विटर पक्के केले. मग ड्रिलचा खटका दाबला. भोक एकदाच पडलं आणि बरोबर जागी पडलं. बाहेर पुढची गाडी येऊन उभी राहिली होती, आणि तिचा धिप्पाड मालक काउंटरवर जाऊन विचारत होता, "मागच्या फळीवर चार मोठे टाकून द्याल का हो?"

भाऊजींनी लिंबाच्या डब्या सरळ लावल्या, घसा साफ केला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

"ते मी नाही ठरवत. आत वहिनींना विचारा."

"विचारायला नको," आतून उत्तर आलं. "गाडी आत घ्या, आणि स्टिअरिंगवर तुम्हीच बसा. माप तुमच्या नाकाचं घ्यायचंय."