ताईचं रविवारचं पत्र

ताई दर रविवारी ईमेलवरून एक पत्र पाठवायची. बाबांची स्मरणशक्ती विरत चालली तेव्हा तिने ते सुरू केलं. आंघोळीला नाही म्हणणाऱ्या माणसाला मोरीपर्यंत कसं न्यायचं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला तरी आवाज कसा चढू द्यायचा नाही, असलं सगळं त्यात असायचं. वाचणारे थोडेच, पण तेही घरात कुणाला तरी सांभाळून टेकीला आलेले. उलट टपाली पानपानभर लिहायचे. बाबांना शर्टाची बटणं लावता येईनात, तेव्हा बटणांच्या जागी वेल्क्रोची चिकटपट्टी शिवून घ्यायची युक्ती शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनीच कळवली होती. खरं सांगते, त्या पत्राने आम्हा दोघी बहिणींना तारलं.

मग ज्या कंपनीमार्फत ही पत्रं जायची, तिला अवदसा आठवली. तिचं ॲप उघडलं की समोर बोटाने सरकवत राहायचा न संपणारा ढीग. दोन ओळी टाका, लाइकचे लाल बदाम मिळवा. लांब पत्र लिहिलंत की गेलं तळाशी. ताईने आधी नाक मुरडलं. मग एकदा सहज लिहिलं, ‘आज बाबांनी मला विचारलं, बाई, तुम्ही कुणाच्या?’ त्यावर बदामांचा नुसता खच पडला आणि ताईला आभाळ ठेंगणं झालं.

त्या रविवारी पत्र गेलं नाही. पुढच्याही नाही. शिवणकामवाल्या बाईंनी दोनदा विचारलं, सगळं ठीक आहे ना म्हणून. ताईने ते मेल उघडलेसुद्धा नाहीत. रोज सकाळी फोन हातात घेऊन बाबांसमोर बसायची, आज काय चुकतात ते टिपायला. मला शिसारी यायची.

“बाबांना विचारलंस का, हे सगळं जगाला सांगू का म्हणून?” मी एकदा तोंडावरच विचारलं.

“त्यांना काय कळतंय गं?”

बाबा शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

परवा सकाळी ते टेबलाशी चष्मा पुसत होते. जन्मभर चष्म्याच्या काचा घासून दिल्या लोकांना, त्यामुळे पुसणं अजून अगदी निगुतीचं. ताई फोन घेऊन समोर बसली.

“बाबा, मी कोण?”

त्यांनी चष्मा चढवला, तिला निरखलं आणि हसले. “तू? तू माझी थोरली. दुकानात येऊन भिंगांशी खेळत बसायचीस.”

माझ्या हातातला कप हातातच राहिला. कित्येक महिन्यांनी बाबांनी तिला ओळखलं होतं! मला वाटलं, आता ही त्यांच्या गळ्यात पडेल.

“तसं नाही बाबा,” ताई म्हणाली. “नीट बघा. मी कोण?”

बाबांचं हसू अडखळलं. “थोरली ना?”

“नक्की?”

ते माझ्याकडे बघायला लागले, तोंडी परीक्षेत अडलेल्या मुलासारखे. “बरोबर आहे बाबा, ताईच आहे ती,” मी म्हणाले खरी, पण तोवर त्यांची मान खाली गेली होती.

“माफ करा हं बाई,” ते म्हणाले. “माझंच काहीतरी चुकलं.”

ताईने तेवढंच टाईप केलं.