सखूच्या दारची काडी

"बास कर आता. ती हळद न्हाई," सोनाजी ओसरीवरून म्हणाला.

द्वारकाबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि शेणकाल्याचा तांब्या मडक्यात रिता केला. मडक्यात गुलाबाची वीतभर काडी खोचलेली. कुरुंद्याच्या हळदीच्या मळ्यांत जन्म गेलेली बाई. हळदीला जेवढं घालाल तेवढं ती देते, हे तिच्या हाडात मुरलेलं. मुळं फुटायच्या आधी काडीला खत चालत नाही, नुसती ओल पुरते, हे सोनाजीनं परोपरीनं सांगून पाहिलं. पण बायकोपुढं त्याचं कधी चाललं होतं?

काडी लेकीच्या दारची होती. सखू नांदायला वाशीमकडं गेली तेव्हा माहेरच्या गुलाबाची फांदी सोबत घेऊन गेली. तिकडं तिचं झाड झालं, इकडचं वाळवीनं खाल्लं. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून द्वारकाबाईनं डिंक, खारीक, खोबरं डबा भरून ठेवलं. पण ते साल रझाकारांचं. कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, निजामाच्या हद्दीत, पोटुशी पोर गाडीत घालून आणायची कुणाची छाती? जावई नको म्हणाला, आणि त्याचं चुकलं असंही नाही.

मग एक दिवस तांड्यावरचा पुनमचंद वाशीमकडून रानवाटेनं आला. ओल्या फडक्यातल्या काड्या त्यानं आधी द्वारकाबाईच्या हातात दिल्या.

"सखूनं तोडून ठेवल्या व्हत्या," म्हणाला आणि मटकन खाली बसला. आई आणि लेकरू दोन्ही गेल्याचं त्याला उभ्यानं सांगवेना.

बाकीच्या काड्या वाळून गेल्या. या एकीला लालसर पालवी आली, तशी द्वारकाबाई हरखली; आळीभर दाखवत सुटली. काडी आपल्याच अंगच्या रसावर पालवते, खाली मूळ असेलच असं नाही, हे सोनाजीच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

पुढच्याच आठवड्यात पालवीनं मान टाकली. द्वारकाबाईनं काडी हलकेच उपसली. मूळ नव्हतंच. टोक काळं पडून कुजलं होतं.

"लई झालं का हो?" तिनं विचारलं. "पोरीला कायबी खाऊ घालता आलं न्हाई मला. म्हनून..."

एवढे दिवस कानीकपाळी ओरडलेला सोनाजी तिच्याजवळ येऊन टेकला.

"न्हाई," तो म्हणाला. "काडीच कवळी व्हती."

द्वारकाबाई आत गेली. फळीवरचा डबा काढून तिनं उघडला. खोबऱ्याला वास लागला होता. तिनं झाकण घट्ट बसवलं, पदरानं डबा पुसला आणि होता तिथंच ठेवून दिला.